साधी गाठ

आई, तुला लिहायला बसले की आधी माकुणसारची पानवाडी डोळ्यांपुढे येते. तू विड्याची पानं खुडतेस आणि येता-जाता बाजूच्या केळींना आपटतेस. समोरचं बरोबर दिसतं, बाजूला उभं माणूस दिसत नाय. शेजारची काकी हसते, "काय गं, टांग्याच्या घोड्यासारखी झापडं लावून आलीस?" तू पण हसतेस. डोकं दुखायचं ते मात्र कुणाला बोलली नायस. मग एकदा बाजूनं आलेली बैलगाडी तुला दिसलीच नाय, थोडक्यात वाचलीस. तेव्हा बाबांनी बोईसरच्या कारखान्यातनं रजा काढून तुला पालघरला डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं, त्यांनी मुंबईला धाडलं. तुझा हात धरून फिरायला कुणीतरी हवं, म्हणून माझी शाळा सुटली ती सुटलीच.

मेंदूखाली छोटी ग्रंथी असते, तिच्यावर गाठ झालीय, ती डोळ्यांच्या नसा दाबतेय, असं निघालं. गावानं तर तुला जिवंतपणीच रडून घेतलं. डोक्यात गाठ म्हणजे कॅन्सरच. नाकातनं ऑपरेशन झालं, गाठ तपासायला गेली, आणि बाबा न् मी दवाखान्याच्या जिन्यात बसून राहिलो. रिपोर्ट आला. साधी गाठ, कॅन्सर नाय. बाबा रडले आणि तसेच पेढे आणायला धावले. म्हणून पुढचं डॉक्टर माझ्याशीच बोलले. "गाठ काढली, पण तिनं ग्रंथी चेपून टाकलीय. ग्रंथीचं काम आता ही गोळी करणार, जन्मभर. एक दिवसही चुकवायची नाही." घरी येऊन मी तुम्हा दोघांना शब्दन् शब्द सांगितला.

तुला बाजूचं बरंचसं दिसायला लागलं, वाडीत जायला लागलीस. मग नवरात्र आलं. घट बसले आणि तू गोळ्यांची बाटली फळीवर मागं सरकवलीस.

"उपासात औषध नाय घ्यायचं."

"आई, डॉक्टर बोललेत, चुकवायची नाय."

"बघा, शाळा सोडलेली पोर मला शिकवतेय!"

काकी फिदीफिदी हसली. बाबा म्हणाले, "साधी गाठ होती ती, गेली पण. चार दिवसांनी काय होतंय?" तरी मी रोज गोळी न् पाणी घेऊन तुझ्यापुढे उभी राहायचे, आणि तू तोंड फिरवायचीस. आधी ओकाऱ्या, मग अंग गार. उपासानं घेरी आली म्हणत सगळे तुला लिंबाचं सरबत पाजत राहिले. शेवटी पालघरच्या मोठ्या दवाखान्यात नेलं, तिथल्या डॉक्टरनं विचारलं, "गोळी कधीपासून बंद आहे?" तेव्हा बाबा माझ्याकडे बघायला लागले. तू तोवर गेली होतीस.

गावात अजून म्हणतात, बाईला डोक्यातल्या गाठीनं नेलं. मी कुणाला काय बोलत नाय. शाळा सुटली त्याचा राग कधीच विरला, आई. तू माझं ऐकलं नायस, तो अजून हाय. एवढं लिहिलं खरं. पण आत्ता तू दारात येऊन उभी राहिलीस, तर मी हा कागद पाठीमागं लपवीन.