न घडलेल्या काशीचे मावंदे

प्रिय दादाजी,

परवा तुझा फोन आला तेव्हा मी नुकताच पूजेवरून उठलो होतो. तू जे बोललास ते सारे ऐकले आणि उत्तरादाखल केवळ 'बघतो' म्हणालो. तुला ते कोरडे वाटले असेल. परंतु जे नीट बांधून सांगायचे असते ते मला फोनवर साधत नाही. शब्द मध्येच तुटतो आणि तुटलेला शब्द भलताच अर्थ घेऊन पलीकडे पोहोचतो. म्हणून हे पत्र. इकडे वाफ्यातले धानाचे पऱ्हे हातभर वाढले आहेत, रोवणीला बाया मिळत नाहीत अशी गावभर ओरड आहे. सत्यशीलेचे गुडघे होते तसेच आहेत. ती आता देवळापर्यंतही जात नाही. ओट्यावरूनच कळसाला हात जोडते.

तुझे म्हणणे एवढेच, की गडचिरोलीच्या ग्राहक आयोगापुढची आमची तक्रार मी मागे घ्यावी. प्रफुल तुझा एकुलता एक. चंद्रपुरात त्याने यात्रा-सहलींची कंपनी उभी केली, तिच्या नावाला बट्टा लागेल. दादाजी, तो मला परका आहे का? वरोऱ्याला आपण एका शाळेत शिकवत होतो, तेव्हा त्याचे बोट धरून पाटीवर पहिला 'श्री' मीच गिरवून घेतला. काशीला जायचे ठरले तेव्हा नात दिव्यानी म्हणाली होती, दहा कंपन्या ताडून पाहू. मीच म्हणालो, घरचा दिवा असताना बाहेर काजवे कशाला शोधायचे? मोबाइलवर अटींचे पान उघडले, खाली एक चौकोन होता, त्यात मी खूण केली. संकल्पातला एकेक शब्द कळल्यावाचून ज्याने आयुष्यात कधी पळीभर पाणी सोडले नाही, त्या मी ते अटींचे पान न वाचता मान्य केले. प्रफुलचे नाव वर होते, ते पुरेसे वाटले.

निघताना गावाने कशी पाठवणी केली हे तू ऐकले आहेस. इथे काशीला जाणारा माणूस एकटा जात नाही. ज्यांना जाणे शक्य नाही त्यांची काशीही त्याच्या गाठोड्यातून जाते. कोणी सुपारी दिली, कोणी पितरांच्या नावाने तीळ दिले. शेजारची भागीरथा अंथरुणाला खिळलेली. तिने नव्या धानाचे मूठभर तांदूळ पदराच्या तुकड्यात बांधून सत्यशीलेला दिले आणि म्हणाली, "बाई, हे गंगेले घाला, अन् येतानी मले तोंडात घालाले पाणी आणा. इसरू नोका."

नागपूरच्या विमानतळावर खिडकीतल्या मुलीने आमची तिकिटे पाहिली आणि सांगितले, की हे विमान आठवड्यापूर्वीच रद्द झाले आहे. तसा निरोप कंपनीला तेव्हाच दिला आहे. कंपनीने तो आम्हाला कळवला नव्हता. प्रफुलचा फोन बंद. कंपनीच्या क्रमांकावर एका बाईचा ध्वनिमुद्रित आवाज, यासाठी एक दाबा, त्यासाठी दोन दाबा. दिवस कलेपर्यंत आम्ही त्या लोखंडी खुर्च्यांवर बसून होतो. शेवटी सत्यशीला म्हणाली, "या बाईले म्हणा, आमची काशी कोनत्या आकड्याखाली हाय तेवढं सांग." मी हसलो, आणि हसतानाच मला कळले की ही आता पुन्हा एवढा प्रवास करू शकणार नाही. पुढे कंपनीचे पत्र आले: काशीच्या खोलीचे पैसे परत मिळणार नाहीत, कारण आपण मुक्कामास आला नाहीत.

कोणत्या तोंडाने घरी जायचे, हा प्रश्न होता. आम्ही गडचिरोलीची बस धरली. आरमोरीच्या अलीकडे आपल्याच गावाचा फाटा खिडकीतून मागे गेला तेव्हा दोघांनीही माना खाली घातल्या. गडचिरोलीला बस बदलली आणि पुढे मार्कंड्याला उतरलो. तिथे आपली वैनगंगा वळण घेऊन उत्तरेकडे वाहते, आणि उत्तरवाहिनीचे स्नान काशीच्या तोलाचे अशी आपल्या भागाची श्रद्धा आहे. परतीच्या दिवसापर्यंत तिथेच राहिलो, गावाने दिलेले सारे तिथेच अर्पण केले, तांब्या तिथेच भरला. परंतु त्या श्रद्धेच्या आडोशाने कोणाला फसवावे असे मनात नव्हते. उतरल्या उतरल्या खरे सांगायचे, हे आम्ही बसमध्येच ठरवले होते.

पुढचे तू डोळ्यांनी पाहिलेस, कारण तूही मावंद्याला आला होतास. यात्रेहून परतल्यावर गंगेच्या तांब्याची पूजा करून गावाला जेवू घालायचे, तोवर यात्रा पुरी होत नाही, हा आपला रिवाज. पण त्या दिवशी गावानेच आमच्यासाठी चुली पेटवल्या होत्या. भजनी मंडळ फाट्यावर नागपूरकडे तोंड करून उभे होते. आमची बस पलीकडे थांबली तशी सारी मंडळी टाळ-मृदंगासह रस्ता ओलांडून आली. परातीत पाय धुतले, ते पाणी डोळ्यांना लावले. मी बोलायला तोंड उघडले तो गुलाबने आई भागीरथेची फाट्यावर आणलेली बाज आमच्या पुढ्यात आणून ठेवली. ती म्हणाली, "आणली न बाई माही गंगा?" सत्यशीलेने माझ्याकडे पाहिले नाही. तांब्या उघडला आणि तिच्या ओठांवर पाणी सोडले. त्यानंतर खरे सांगायचे तसेच राहिले. पंगत बसल्यावर तुला तेवढे बाजूला नेऊन सांगितले, की आम्ही काशी पाहिलीच नाही. तू माझ्या पाठीवर हात ठेवलास आणि म्हणालास, प्रफुलशी बोलतो. तो हात मी विसरलेलो नाही.

आता प्रफुलच्या वकिलाचे उत्तर ऐक. पहिले म्हणणे असे, की आम्ही केवळ दुवा जुळवणारे. विमान आमचे नाही, खोली आमची नाही, तेव्हा दोषही आमचा नाही. दादाजी, वैनगंगेच्या डोंग्यात आपण लहानपणी कितीदा बसलो. डोंगा दुसऱ्याच्या मालकीचा असेल, वल्हे तिसऱ्याचे असेल. पण ज्याने उतारू घेतला, भाडे घेतले आणि 'बसा' म्हटले, त्या नावाड्याला मध्यधारेत हात झटकता येतात का? वाट बंद आहे हे त्याला कळले होते. काठावर असतानाच 'उतरा' एवढे सांगितले असते तरी चालले असते. तक्रारीचे कागद दिव्यानीच पाहते. ती म्हणते, कायदाही याहून वेगळे काही मागत नाही. मीही प्रफुलकडे फार मागितलेले नाही. घेतले ते परत द्यावे, आणि यापुढे कोणाची वाट बंद झाली तर यंत्राने नव्हे, माणसाने फोन करून सांगावे.

दुसरे म्हणणे मात्र मला लागले. आम्ही अन्य मार्गाने काशीला जाऊन आलो, गावजेवण घेतले, सबब तक्रारच खोटी. आणि पुराव्यादाखल तो फोटो जोडला आहे: परातीत आमचे पाय, गळ्यात हार. तो तू काढला होतास. तू त्याला दिलास, की त्याने तुझ्या फोनमधून घेतला, हे मी विचारणार नाही. उत्तर ऐकायचे त्राण नाही.

खरे सिद्ध करायचे तर गावासमोर सांगणे भाग होते, की तुम्ही ज्यांचे पाय धुतलेत ते काशीला गेलेच नव्हते. भागीरथा चैत्रात गेली. जाताना तेच पाणी तिच्या मुखात होते. म्हणून परवा, तुझ्या फोननंतर, प्रथम गुलाबकडे गेलो आणि सारे सांगितले. तो विळ्याला धार लावत होता. मानही वर न करता म्हणाला, "गुरुजी, तुमची बस गडचिरोलीकडून आली न. आमी नागपूरकडं तोंड करून उभे, अन् तुमी आमच्या पाठीमांगून उतरले. काशीची बस तिकडून येते का?" मी विचारले, मग पाय काऊन धुतले? तो म्हणाला, "मायच म्हणे, बाईचं तोंड पाहा, किती थकून आली. तिले आनखी लाजवू नोका. अन् मार्कंड्याचं पानी का खराब हाय का?" सुनावणीला येईन म्हणतो, साऱ्या मोहल्ल्याला घेऊन येईन म्हणतो. घरी येऊन सत्यशीलेला सांगितले. तिने पदर डोळ्यांना लावला आणि म्हणाली, "पाहा, गावानं आपल्याले फसवलं."

आता हे पत्र का लिहिले ते सांगतो. तू फोन केलास त्याच्या आदल्याच दिवशी मी दिव्यानीला साक्षीदारांत तुझे नाव द्यायला सांगितले होते. आम्ही काशी पाहिली नाही हे पहिल्या दिवसापासून जाणणारा, माझ्या समजुतीने, तू एकटाच होतास. म्हणून तुझ्यापुढे मला 'बघतो' याखेरीज शब्द सापडेना. पोटच्या मुलासमोर बापाला उभे करून सत्य वदवून घ्यावे, इतका कठोर मी होऊ शकलो नसतो, की झालो असतो, ते मला ठाऊक नाही. देवाने ती परीक्षा टाळली. गाव साक्ष देणार आहे. तुझे नाव मी काढायला लावले. तक्रार मात्र राहील, कारण उद्या दुसरी एखादी सत्यशीला त्या खुर्च्यांवर बसेल. सुनावणीच्या दिवशी तू वरोऱ्यातच राहा. प्रफुलच्या पाठीवर हात ठेवायला कोणीतरी घरी हवे. निकाल काहीही लागो, नंतर एकदा आमच्याकडे ये. मावंदे नाही, साधा वरणभात. सत्यशीलेचा निरोप आहे: दादाजीभाऊंना म्हणा, बस कोणत्याही बाजूने येऊ द्या, रस्ता आम्ही ओलांडू.

तुझाच,
वामन