पोटाचं ऑल्टरेशन

४ फेब्रुवारी
आज दुकानात एका नव्या गिऱ्हाईक बाईने विचारलं, "कितवा महिना?" मी म्हटलं, "अहो, मूल नाही हे, कातडं आहे!" बिचारी इतकी ओशाळली की ड्रेसचा गळा कसा हवा तेच विसरली. मी हसत हसत माप घेतलं. ती गेल्यावर ट्रायलच्या पडद्यामागे गेले आणि दोन्ही हातांनी पोट उचलून धरलं. खरंच उचलावं लागतं! अडीच वर्षांत मी निम्मी झाले. चरबी गेली, पिशवी राहिली.

घडीखाली पुन्हा लाल झालंय. मलम झालं, पावडर झाली, सुती फडकी ठेवून झाली. दिवसभर उभं राहून कापड कापलं की संध्याकाळी नुसती आग आग.

बास झालं. सर्जन बाईंची वेळ घेतली.

११ फेब्रुवारी
सर्जन बाई आवडल्या. बोलणं कमी, हात पक्का. पोटावर पेनाने रेघ मारली, लांब जाऊन बघितली, पुसली, पुन्हा मारली. मी मनात म्हटलं, ही आपल्यातली!

या कुशीपासून त्या कुशीपर्यंत कापणार. बेंबी उचलून नव्या जागी बसवणार— बेंबी! म्हणाल्या, "वण जन्मभर राहील, आत्ताच सांगते." म्हटलं, "शिवण म्हटली की दिसणारच. सरळ आली म्हणजे झालं." पहिल्यांदाच हसल्या.

घरी सांगितलं. नवरोबा पाणी प्यायला, ग्लास खाली ठेवला, म्हणाला, "तुला हवंय ना? मग ठरलं." पण वन्सं! नवऱ्याची थोरली बहीण, दुकान आम्हा दोघींचं, दिवसाचे दहा तास शेजारी शेजारी मशीनवर. त्यांनी घर डोक्यावर घेतलं. "धडधाकट बाई आपल्या पायांनी सुरीखाली जाते? एवढं बारीक होऊन पोट भरलं नाही का? मी तुला सैल कपडे शिवून देते, कोणाला कळणारसुद्धा नाही!"

कोणाला कळायचा प्रश्नच नाही, वन्सं. ओझं मी वाहतेय.

१५ फेब्रुवारी
अबोला. कात्री मात्र टेबलावर अशी आपटतात की टाचण्या उडतात.

२० फेब्रुवारी
अबोला सुटला, आता प्रश्नांची सरबत्ती. भूल कुठे टोचतात? मधेच जाग आली तर? आणि आलीच नाही तर? शेवटी मी म्हटलं, "वन्सं, माझ्याऐवजी तुम्हीच जाता का?" गंमत केली होती. त्यांचा चेहरा एकदम पडला. उठून आत गेल्या आणि कितीतरी वेळ बाहेर आल्या नाहीत. एवढं काय लागलं, कोण जाणे.

२ मार्च
उद्या. घाबरलेय. पण मागे फिरावंसं एकदाही वाटलं नाही.

५ मार्च
जिवंत!!

कमरेत वाकून चालते, खाली पडलेली सुई शोधत असल्यासारखी. दोन्ही बाजूंना नळ्या, त्यांच्या टोकाला बाटल्या. खोकला आला की उशी पोटाशी धरायची. नर्सने नवरोबाला ताकीद दिली, "यांना हसवू नका." झालं! एरवी महिन्यातून एकदा विनोद करणारा माणूस, त्याला आता ऊत आलाय. काढलेल्या कातड्याचं वजन ऐकून विचारतो, "कापड परत देतात का? उशीचा अभ्रा झाला असता." उशी धरून हसले, मग रडले. दुखतं हो!

९ मार्च
घरी. वन्सं दोन्ही वेळा येतात. सूप भरवतात, वेणी घालतात आणि हे सगळं करताना टोमणे मारतात. "हौस बाई हौस!" जखमेकडे मात्र बघत नाहीत. पट्टी बदलायची वेळ झाली की त्यांना काहीतरी काम आठवतं.

१६ मार्च
नळ्या निघाल्या. आरशासमोर उभी राहिले. सूज आहे, निळंजांभळं आहे, बेंबी रुसल्यासारखी दिसते. पण पोट सपाट! मांड्या दिसतात मला, माझ्या स्वतःच्या! रडले. आनंदाने. हे माझं शरीर, आणि मला ते आवडलं. लिहून ठेवते, म्हणजे नंतर शब्द फिरवता येणार नाही.

२१ मार्च
सूज उतरली आणि घट्ट बसायला दिलेला पट्टा सैल पडला. नर्सला फोन केला. म्हणाली, परवा तपासायला याल तेव्हा लहान मापाचा देते. वन्संना कुठला धीर! "दोन दोन शिंपिणी घरात आणि पट्टा सैल?" घेऊन गेल्या, तासाभरात परत. दोन्ही बाजूंनी दोन बोटं आत घेतलेला, बाहेरून कुठे टाका दिसत नाही. काय फिटिंग! मीपण मूर्ख— "वा वन्सं!" म्हणून घातला.

२३ मार्च
फिटिंग भोवलं.

पट्ट्याच्या शिवणी बाहेरच्या बाजूला असतात, जखमेला टोचू नयेत म्हणून. आणि आम्ही जन्मभर काय केलं? शिवण आत लपवली. हात सवयीने चालला, आणि मलाही घालताना खटकलं नाही! जाड शिवण दोन दिवस नेमकी वणावर रुतली. एका ठिकाणी जखम उघडली, शेजारी पाणी साठलं. सर्जन बाईंनी सुईने पाणी काढलं. पट्टा उलटसुलट करून बघितला. "काम फार सुंदर आहे. पुन्हा करू नका."

वन्सं भिंतीला टेकून उभ्या, रंग उडालेला. घरी येताना एवढंच बोलल्या, "माझ्या हातून तुझं वाटोळं झालं असतं."

मला राग आला होता. खोटं कशाला लिहू? इतकं सोसून सगळं पाण्यात गेलं असतं तर? पण अर्धा राग माझा माझ्यावरही आहे. आरशात बघून वा वा मीच केलं.

२८ मार्च
पुन्हा पाणी नाही. जखम भरतेय. वन्सं फिरकल्या नाहीत. निरोप पाठवला: "सूप बेचव होतंय तुमच्यावाचून." संध्याकाळी हजर, डबा घेऊन.

२० एप्रिल
दुकानात पहिला पूर्ण दिवस! जड तागे उचलायचे नाहीत, बाकी सगळं चालू. टेबलाशी उभी राहून सरळ कापड कापलं. मधे काही आडवं येत नाही, खाली आग होत नाही. आजवर मी टेबलापासून किती लांब उभी राहायचे! वणाच्या खालचा भाग अजून बधिर आहे, येईल हळूहळू.

संध्याकाळी वन्सं म्हणाल्या, "दाखव." आपणहून! खूप वेळ बघत होत्या. एक बोट वणावरून या टोकापासून त्या टोकापर्यंत नेलं. "सरळ आलीय," म्हणाल्या. त्यांच्याकडून याहून मोठं कौतुक मी आजवर ऐकलेलं नाही. मग विचारलं, "परत करावं लागलं तर करशील?" म्हटलं, "उद्या."

२१ एप्रिल
सकाळी वन्संनी मला आतल्या खोलीत नेलं, दार लावलं आणि कपडे वर केले. कमरेला पट्टा, स्वतः शिवलेला, धुऊन धुऊन विटलेला. सोडला तशी बेंबीशेजारी मुठीएवढी गाठ बाहेर आली. हर्निया. चार वर्षं! डॉक्टरने ऑपरेशन सांगितलं त्या दिवशी त्या तिथून पळून आल्या, आणि घरात कोणालाच बोलल्या नाहीत. आता दुखणं वाढलंय.

मग म्हणाल्या, "भूल देतील तेव्हा माझा हात धरशील का गं?"

दोघी डॉक्टरकडे गेलो. आज दुकान उघडलं नाही.