दुधनीच्या दगडफुलाची चिठ्ठी

प्रिय शिवप्पामामा,

तुम्हाला जाऊन पाच वर्षं झाली आणि पत्र आज लिहितेय. रागावू नका. किंवा रागवाच! काल तुमच्या दगडफुलाचं पाकीट तज्ज्ञांकडून परत आलं. जात नवी वाटते म्हणे, पण खात्रीसाठी जिवंत नमुना हवा. नेमका कुठला दगड? चिठ्ठीवर 'दुधनी, शेताचा बांध. संकलक', म्हणजे नमुना गोळा करणारा, आणि पुढे माझं नाव. मामा, बांधावरचा तो दगड मी कधी पाहिलाच नव्हता!

तुम्ही आमच्या कॉलेजच्या प्रयोगशाळेतले मामा, मी दगडफुलांवर पीएचडी करणारी नवी मॅडम. एका सोमवारी फडक्यात गुंडाळलेला दगडाचा तुकडा तुम्ही माझ्या टेबलावर ठेवलात. "म्याडम, ह्ये मसाल्यातलं दगडफूल, आमचं कल्लहूवु, न्हाय. त्ये सुटून येतंय, ह्ये नखानं बी निघंना. म्हनून दगडासकट छिन्नीनं काडलं की!"

किती बरोबर केलं होतंत! रंग फासावा तसं दगडाला चिकटलेलं, वर बारीक काळे ठिपके. कॉस्टिक पोटॅशचा थेंब टाकला तर आधी पिवळं झालं, मग लालभडक. भिंगावर वाकून आपण दोघंही ओरडलो होतो. आठवतं?

दगडफूल म्हणजे बुरशी आणि शेवाळ यांचा एकत्र संसार, हे मीच तुम्हाला सांगितलं. अन्न शेवाळ तयार करतं, शास्त्रात नाव मात्र बुरशीचं लागतं. "मंग शेवाळाला कोन इचारतंय?" म्हणालात. मी हसले होते.

ती इंग्रजी चिठ्ठी पाकिटावर तुम्हीच डिंकाने चिकटवलीत. "माजं बी नाव हाय न्हवं?" तुम्ही विचारलंत आणि मी मान वर न करता "हो" म्हणाले. का विश्वास ठेवलात, मामा? कुणाकडून वाचून घ्यायची होतीत! निवृत्तीच्या दिवशी कपाटातून तेच पाकीट काढून तुम्ही त्यावर हात फिरवलात. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं, तरी तोंड उघडलं नाही.

आज दुधनीला गेले. मामींनी बांधावर नेलं. "ह्योच की दगुड. 'कालिजात माजं नाव लावलंय' म्हनत ह्ये सगळ्यास्नी हितं आनून दावायचे." छिन्नीची खाच अजून कोरी होती, भोवती दगडफूल तसंच. मी मामींना सगळं खरं सांगितलं. त्या मला तिथंच सोडून घराकडे निघून गेल्या.

आमच्या नमुन्यांच्या कामात जुनी चिठ्ठी फाडायची नसते. चूक सापडली की शेजारी नवी चिकटवायची. उद्या सकाळी माझ्या हाताने चिकटवेन: 'संकलक: शिवप्पा, दुधनी. आधीची नोंद खोटी.' खाली माझी सही. तज्ज्ञांनाही तेच कळवेन. इंग्रजीखाली मराठीतही लिहीन, आणि मामी येतील त्या दिवशी त्यांना वाचून दाखवेन. दोन्ही चिठ्ठ्या, मामा. माझी खोटीही.

तुमच्याशी खोटं बोललेली,
सुनंदा मॅडम