सीलबंद पाठवलेला फोन

१४ मार्च, सकाळी सव्वासात. कामाचा शर्ट इस्त्री करून लिहायला बसलो आहे.

आई, तुझ्या पायांवर डोकं ठेवतो.

मी बरा आहे, वेळेवर जेवतो. तुझ्या डोळ्यांत औषधाचे थेंब कोण घालतं?

तुला पाठवलेल्या फोनवर माझं तोंड दिसणार नाही. त्यात एकाच कंपनीचं सिमकार्ड चालतं आणि तिचा टॉवर आपल्या गावात नाही. सील तू फोडावंस म्हणून मी डबा उघडून पाहिला नाही. परत करायची मुदतही सरली.

दुकानात विचारायला गेलो तर दुकानदार हसला, "भाऊ, फोनवाल्याचं नि सिमवाल्याचं लग्न लागलंय. काडीमोड हप्ते फिटल्यावर, दोन वर्षांनी!"

डॉक्टर तुझ्या नजरेला वर्षच देतात. त्यांचंही कधी चुकतं.

फोन कपाटात जपून ठेव.

तुझा धाकटा

हप्ते भरले दोन, राहिले बावीस.