भांडण मिटतं कसं

३ फेब्रुवारी

विषय परत आला! 'समाजातील संघर्ष आणि त्याची कारणे.' मॅडमनी कागदावर नजर टाकली, चष्मा काढला आणि म्हणाल्या, "अगं, यावर लोक अख्खा जन्म घालवतात. तुला दहा पानांचा निबंध लिहायचाय. हातात मावेल असं काहीतरी आण." सगळ्या वर्गासमोर! कानशिलं तापली नुसती.

याच पेपरात गेल्या वर्षी नापास झाले. यंदाही गेले तर कॉलेज बंद आणि बाबांच्या चष्म्याच्या दुकानात काउंटरवर. घरात तसं कोणी बोललेलं नाही, पण बाबांनी काउंटरमागे दुसरी खुर्ची आणून ठेवली आहे. मला तिच्याकडे बघवत नाही.

५ फेब्रुवारी

दिवसभर वाचनालयात बसून पेनाचं टोपण चावलं. विषय नाही.

६ फेब्रुवारी

सापडला!

सकाळी बाबा आणि आत्या खिडकीवरून जुंपले. आत्याला उघडी हवी, बाबांना बंद. "हे घर आहे की गोदाम?" "तू राहायला आलीस तेव्हापासून सर्दी आहे मला!" आत्या आली तेव्हा मी रांगत होते — म्हणजे केवढी ती सर्दी! आवाज टिपेला गेले आणि आत्या एकदम म्हणाली, "गॅसवर दूध ठेवलंय का रे कोणी?" बाबा म्हणाले, "बघतो." झालं, संपलं! खिडकी अर्धी उघडी राहिली. कोणी हरलं नाही, कोणी माफी मागितली नाही.

आमच्याकडे 'चुकलं माझं' असं कोणी म्हणतच नाही. मग भांडणं मिटतात कशी? हाच विषय! मॅडमना कॉलेजच्या जिन्यात गाठून सांगितलं. थांबल्या. हसल्या! "हा मावला," म्हणाल्या. उरलेला जिना मी उड्या मारत उतरले.

११ फेब्रुवारी

घात झाला. आणि केला मीच. जेवताना मोठ्या कौतुकाने विषय सांगून बसले. आईने तिथल्या तिथे फर्मान काढलं — "म्हणजे हे तिच्या मॅडम वाचणार? नीट वागायचं सगळ्यांनी!"

आता बाबा ओला टॉवेल पलंगावर न टाकता दोरीवर टाकतात. आत्या विचारते, "खिडकी लावू का रे दादा?" बाबा म्हणतात, "असू दे गं, छान हवा येतेय." बाबा कुडकुडतात आणि दोघं एकमेकांकडे बघून हसतात. असली नाटकं मी जन्मात पाहिली नव्हती. एवढ्या गोडव्यातून दहा पानं कशी काढू?

१५ फेब्रुवारी

हुश्श! फुटलं एकदाचं. टीव्हीच्या रिमोटवरून. बाबा धुमसत होते, आत्या गोड हसत होती, आणि आईच ओरडली, "जाऊ दे खड्ड्यात तो निबंध! लिहू दे तिला काय लिहायचंय ते!" मग इतक्या दिवसांचं तुंबलेलं सगळं बाहेर आलं. टॉवेल, खिडकी, कोणाच्या लग्नात कोण काय बोललं होतं ते. मी कोपऱ्यात बसून भराभर टिपून घेतलं. इतकं बरं वाटलं! घर जागेवर आलं.

मिटलं ते आईच्या "टाकी भरली का बघा जरा"वर.

२० फेब्रुवारी

कच्चा निबंध दाखवला. मी सगळी भांडणं तारखेवार लावली होती. मॅडम म्हणाल्या, "ही रोजनिशी झाली. कधी झालं याच्याशी मला काय करायचंय? कशाने मिटलं त्याप्रमाणे लाव. आणि तुझं म्हणणं काय, ते एका वाक्यात सांग बघू."

उभ्या उभ्याच तोंडातून निघालं — ज्याला भांडण संपवायचं असतं तो घरातला एखादा साधा प्रश्न विचारतो, आणि समोरच्याने उत्तर दिलं की मिटलं.

"हे पहिल्या पानावर. बाकीचं सगळं याच्या मागे." मी दाराशी पोचले तर हाक मारली. "न मिटलेलं एकही नाही तुमच्या घरात? ते घेतल्याशिवाय तुझं म्हणणं तपासणार कसं?"

मी नाही म्हटलं. धडधडीत नाही म्हटलं!

२२ फेब्रुवारी

आहे. ताईचं आणि माझं.

ती नोकरीसाठी दुसऱ्या शहरात निघाली तेव्हा मी म्हटलं, "पळतेयस तू. घर माझ्या गळ्यात टाकून." ती म्हणाली, "घराचं निमित्त सांगू नकोस. तुला कॉलेज झेपत नाही." तेव्हापासून बोलणं बंद. तिचा फोन आला की मी गॅलरीत कपडे काढायला जाते. दोरीवर कपडे असोत नसोत.

हे गाळलं तर निबंध खोटा. आणि खोटा लिहून पास झाले तर ताईचंच खरं ठरणार. राग येतो तिचा. आठवणही येते. लिहून टाकते, इथे कोण वाचतंय!

२५ फेब्रुवारी

लिहिलं. नाव न घालता, पण लिहिलं. निष्कर्ष असा — ताई आणि मी आता एका घरात नाही. दूध एक नाही, टाकी एक नाही. विचारणार काय? घर एक नसेल तर ही युक्ती चालत नाही. थोडी रडले. मग तोंड धुऊन प्रस्तावना लिहायला घेतली. ती सगळ्यात शेवटी लिहायची असं मॅडम सांगत होत्या, मला पटत नव्हतं. एका बैठकीत झाली!

२६ फेब्रुवारी

दिला. सुटले!!

९ मार्च

पास! आणि काठावर नाही, चांगली पास! मॅडमचा शेरा — 'मांडणी चोख. निष्कर्ष घाईचा वाटतो, पटला नाही.' न पटू दे. पास झाले!

बाबांनी दुकानात येईल त्या गिऱ्हाइकाला सांगितलं म्हणे. आईने ओट्याशी उभं राहून निबंध वाचला. आधी खुदखुदत होती, शेवटची पानं दोनदा वाचली. संध्याकाळी कळलं, तिने फोनवरून ताईला अख्खा वाचून दाखवला! मला न विचारता! मी अशी भडकले की आत्या खोलीतून बाहेर आली. आईने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "तुझे मोजे वाळले का गं?"

"अजून ओलेत," मी म्हटलं. काय करणार!

१० मार्च

ताईचा फोन. माझ्या नंबरवर. उचलला. ती म्हणाली, "अगं, मी ऑफिसला निघालेय. गीझर बंद केला की नाही आठवत नाहीये. केला असेल का मी?"

तिचं ते घर मी पाहिलेलंसुद्धा नाही.

"केला असशील," मी म्हटलं. "तू नेहमी करतेस."