उशीखालचा पट्टा

मोनाली,

मी दुर्गले तुह्या मावशीकडं चालली. तिच्या पोरीले, साक्षीले, काल पोरगी झाली. बाळंतिणीचं पोट बांधून द्याले मावशीनं मलेच बोलावलं.

तू झाली तवा आजीनं तिच्या जुन्या लुगड्याचा पट्टा माह्या पोटाले बांधला होता. तोच नेऊ म्हणून सकाळी पेटीत शोधला, तं नाही. तुह्या उशीखाली सापडला, घामानं ओला.

पोरी, बाळंतिणीचं पोट सुटलेलं असते म्हणून बांधतात. तुहं कुठं सुटलं हाय? डॉक्टरीणबाईनं तुहं वजन एकदम बरोबर हाय म्हटलं, तं तू बाहेर येऊन म्हणते, "मम्मी, उसको कुछ नहीं आता." तुहे बाबा समजावून थकले. आता मीबी थकली.

पट्टा मी नेला नाही. नेला तं तू माही दुसरी साडी फाडशील, मले माहीत हाय. धुऊन तारेवर वाळत टाकला. कुकरमध्ये वरणभात हाय. गाईले नको घालजो, कालच्या तुह्या पोळ्या मी नालीपाशी गाईपुढं पाहिल्या. बांधशीलच, तं दोन घास खाऊन सैल बांधजो.

तुले पाहाले पाहुणे आले होते तवा मीच तुह्या कानात म्हटलं होतं, पोट आत घेऊन बस. ते चहा पिऊन उठून गेले त्याले वर्ष झालं, पोरी. तू अजून तशीच बसली हाय.

मम्मी