माझ्या नावाची खूण

१४ नोव्हेंबर

प्रिय मावशी,

नमस्कार. मी इकडे ठीक आहे, जेवण वेळेवर होतं, झोप लागते. हे सगळं मी तुला व्हिडिओ फोनवर हातवारे करून सांगते आणि तू लगेच म्हणतेस, "खोटं. तोंड बघ कसं उतरलंय." कागदाला तोंड नसतं, म्हणून आज कागद घेतला.

आधी एक गंमत. या आठवड्यात कोर्टात एका बहिऱ्या नवरा-बायकोचं प्रकरण होतं. दोघं खुणांनी असे काही भांडत होते की शेवटी न्यायाधीश मला म्हणाले, "दुभाषी बाई, यांना जरा आवाज कमी करायला सांगा." मी तसंच खुणांनी सांगितलं. दोघंही खळखळून हसले, आणि मग परत भांडायला लागले. तुझी फार आठवण झाली.

आता त्या रविवारचं. मी येणार होते आणि आले नाही. "ऐन वेळी काम निघालं" असं आदल्या रात्री कळवलं. तू अंगठा वर करून विषय संपवलास. काम निघालं होतं हे खरं आहे. कुठलं, ते मी सांगितलं नव्हतं.

शनिवारी सकाळी पोलिसांची गाडी दाराशी आली. घाबरू नकोस. ठाण्यावर कुणा बहिऱ्या माणसाचा जबाब घ्यायचा असला की मला बोलावतात, तसंच असेल म्हणून मी केस न विंचरताच निघाले. पण गाडी ठाण्यावर गेली नाही. एका साध्या इमारतीपाशी थांबली, जिच्यावर पाटीसुद्धा नव्हती. वर नेऊन त्यांनी माझा फोन काढून घेतला आणि एका कागदावर सही घेतली: इथे पाहिलेलं बाहेर सांगणार नाही. म्हणजे हे पत्र लिहून मी ती सही मोडते आहे. मोडू दे.

तिथले साहेब पन्नाशीचे, बोलायला मऊ. झोप न झालेला माणूस वाटला. "बाजारातला स्फोट तुम्हाला माहीत असेलच," ते म्हणाले. तुमच्या गावचा तो स्फोट कुणाला माहीत नाही? त्या दिवशी तू घरीच होतीस असं तू मला सांगितलं होतंस, म्हणून मी निर्धास्त होते.

त्यांनी पडद्यावर बाजारातल्या कॅमेऱ्याचं चित्र लावलं. बँकेच्या पायऱ्यांवर एक पाठमोरा माणूस उभा राहून गर्दीच्या पलीकडे कुणाला तरी हातवारे करतो आहे. मग घाईघाईनं खाली उतरतो आणि गर्दीत दिसेनासा होतो. त्यानंतर थोड्याच वेळात त्याच बाजूला पिशवीतला बाँब फुटला.

"इशारा करून निघून गेला," साहेब म्हणाले. "म्हणून याचा फोन आम्ही बघायला घेतला."

मग त्या फोनवरचं त्याच दिवशी पहाटेचं बोलणं लावलं. मावशी, समोर आपले रंधाकाका! तेच सुताराचे जाडजूड हात, कानामागे तीच पेन्सिल. दुसऱ्या बाजूचा चेहरा त्यांनी काळ्या चौकोनानं झाकला होता. दुभाष्याला गरजेपुरतंच दाखवायचं असा त्यांचा नियम आहे म्हणे.

माझ्या आधी कुणी तरी पुस्तकात बघून अर्थ लावला होता. साहेबांनी तो वाचून दाखवला. "उद्या. स्टेशन. स्फोट. मी जातो. तू घरातच थांब." मग विचारलं, "बरोबर आहे का ते सांगा. उद्या सकाळी आमची माणसं स्टेशनवर असतील."

"हत्यारं घेऊन?"

"हो."

"आणि मागून 'थांब' म्हणून ओरडल्यावर हा बहिरा माणूस थांबला नाही तर?"

साहेबांनी हातातला कागद टेबलावर ठेवला.

मी म्हटलं, परत लावा. रंधाकाकांनी दोन्ही मुठी कानांजवळ नेल्या आणि बोटं फाडकन उघडली. हाच साहेबांच्या कागदातला 'स्फोट'. मला आधी हसू आलं आणि मग हसता हसता रडू आलं. पाणी आणून द्यायला त्यांनी एका बाईला बोलावलं.

"साहेब," मी म्हटलं, "हा स्फोट नाही. ही मी आहे."

त्यांना काही कळेना. मग सांगितलं, की आमच्या बहिऱ्या माणसांत प्रत्येकाला बोलवायची एक खूण असते. तळहातावरून सुताराच्या रंध्यासारखा हात फिरवला की रंधाकाका. लहानपणी माझे कुरळे केस दोन्ही कानांवर फुगून बसायचे, म्हणून माझ्या मावशीनं मला ही खूण दिली. मी रबर काढून केस मोकळे सोडले. साहेबांनी केसांकडे बघितलं, पडद्याकडे बघितलं, परत केसांकडे बघितलं. न विंचरलेले केस कधी कामाला येतील असं वाटलं नव्हतं. "उद्या ती स्टेशनवर येणार, मी घ्यायला जातो," एवढंच काका म्हणाले होते. रविवारी मी मावशीकडे जाणार होते, हेही सांगितलं.

पण माझ्या केसांवर ते किती विश्वास ठेवणार? त्यांनी विचारलं, "मावशी असताना हा माणूस का घ्यायला येतो? आणि त्या बाईंनी घरातच का थांबायचं?"

मलाही ते माहीत नव्हतं. मी म्हटलं, "दुसरी बाजू दाखवा." साहेबांनी बराच विचार केला आणि काळा चौकोन काढायला सांगितला.

तू होतीस. स्वयंपाकघरात, खांद्यावर टॉवेल, फोन डब्याला टेकवून ठेवलेला. मागे गॅसवर काही तरी उतू जात होतं आणि तुला ते दिसत नव्हतं.

इथवर लिहून मी उठून गेले होते. भांडी घासली, कपडे आत आणले, आता परत बसले आहे.

दुभाष्याचा नियम तुला ठाऊक आहे. समोरचा माणूस 'मी' म्हणाला की आपणही 'मी' म्हणायचं. माझ्यासमोर माईक होता. तू खुणा करत होतीस आणि मी माझ्या आवाजात अनोळखी माणसांपुढे बोलत होते: "मला आता बाजूचं दिसत नाही. नळीतून बघितल्यासारखं दिसतं, आणि नळी अरुंद होत चालली आहे. स्टेशनच्या गर्दीत मला ती सापडायची नाही. तू जा. माझा गुडघा दुखतो म्हणून सांग. डोळ्यांचं कळलं तर सगळं सोडून इथे येऊन बसेल." आणि मग, "मी आंधळी होते आहे रे. मग बोलू कशी मी कुणाशी?"

हे माझ्या तोंडून निघालं, मावशी. ते ऐकून मला कळलं.

त्याच बोलण्यात तू बाजारातल्या त्या दिवसाची आठवण काढलीस आणि त्याचाही उलगडा झाला. पायऱ्यांवरून काका तुलाच सांगत होते, "तिथेच थांब, मी येतो." येऊन त्यांनी तुझा हात धरला आणि मागच्या गल्लीनं तुला घरी नेलं. म्हणजे तू तिथे होतीस.

लिहून घेणाऱ्यानं हात थांबवला होता. मी साहेबांना म्हटलं, "हे डोळ्यांचं कागदावर घेऊ नका." ते म्हणाले, "वगळता आलं असतं तर वगळलं असतं हो. पण मग तो माणूस संशयातून सुटणार कसा?" लिहा म्हटलं. तेव्हा तुझे डोळे आता सरकारी कागदावर आहेत, आणि रंधाकाका मोकळे आहेत. स्टेशनवरची माणसं काढून घेतली. मला मात्र त्यांनी रविवारीही बसवून घेतलं, कारण काकांची मागची सगळी बोलणी तपासायची होती. काकांशी तुझ्याइतकं कोण बोलतं? तू भांडलीस, रडलीस, शेजारणीच्या चालण्याची नक्कल केलीस, ते सगळं मी आवाजात उतरवलं. नकलेला साहेबही हसले. त्याचा मला राग आला आणि त्यांची कीवही आली. चहा देणाऱ्या बाईनं सांगितलं, त्यांच्या बहिणीचा पाय त्याच बाजारात गेला.

त्यांनी बघायलाच नको होतं असं मला म्हणवत नाही. उद्या खरोखर कुणी पिशवी घेऊन स्टेशनवर येणार असता, तर? पण तुझ्या स्वयंपाकघरात इतके महिने परकी माणसं बसून होती आणि तुला पदर सावरायचीही संधी मिळाली नाही, हेही गळ्याखाली उतरत नाही. निघताना मी विचारलं, "मावशीला सांगू का?" ते म्हणाले, "नियमानं नाही." मग दाराशी येऊन म्हणाले, "तुमच्या मावशीच्या जागी माझी बहीण असती तर मी..." आणि पुढचं गिळून परत फिरले.

म्हणून सांगते आहे. फोनवर आपण दोघी त्यांना दिसतो, म्हणून कागदावर. अक्षरं मोठी का काढली ते आता तुला कळलं असेल. तू म्हणशील तर मला काही माहीत नाही असं मी वागेन, तेवढं मला जमतं. नोकरी सोडणार नाही. पण येऊ का? या वेळी तुला विचारून येईन.

न विचारता तुझ्या घरात शिरलेली,
तुझी भाची

---

२५ नोव्हेंबर

पोरी,

पत्र वाचलं. खिडकीशी बसून, थोडं थोडं करून. मग तुझा राग आला. तुझे फोन घेतले नाहीत ते म्हणून. गुडघा बरा आहे.

पोलिसांचा राग त्यामानानं कमी आला. बाजारात आपली भाजीवाली गेली. ती मला बोटांवर भाव सांगायची आणि मी घासाघीस केली की कपाळावर हात मारायची. तिला मारणारा सापडणार असेल तर त्यांनी माझं स्वयंपाकघर हवं तेवढं बघावं. पण बघून झाल्यावर कुणी तरी दाराशी येऊन म्हणायला हवं होतं, की बाई, आम्ही बघितलं, तुमचं काही चुकलं नव्हतं. कुणी आलं नाही. तू लिहिलंस. त्यांच्या वाटचं तू का लिहावंस?

मला राग कशाचा आला ते सांगते. डोळ्यांचं मला तुला स्वतः सांगायचं होतं. कधी, कसं, काय करून खायला घातल्यावर, ते मी मनात जुळवत होते. तेवढं एक सांगणं माझं होतं. ते तिसऱ्या कुणी तरी माझ्या हातातून काढून घेतलं आणि तुझ्या तोंडात घातलं. तुला तिथे बसून ते बोलावं लागलं, याचं मला माझ्या डोळ्यांपेक्षा जास्त वाईट वाटतं.

रंध्याला सगळं सांगितलं. आधी तो हसला. म्हणाला, "मी एवढा मोठा माणूस?" मग त्याला ते 'थांब' म्हणून ओरडण्याचं समजलं, तसा तो बसूनच राहिला. आता फोनवर बोलत नाही, घरी येतो. खिडकीकडे पाठ करतो आणि हात छातीशी धरून बारीक बारीक खुणा करतो, कुणी बघेल म्हणून. त्याला चारचौघांत मोठ्यानं हातवारे करताना बघायची मला सवय, त्यामुळे जीव तुटतो. पण बारीक खुणाच मला नीट दिसतात. नळीत तेवढंच मावतं.

पुढची तयारीही चालू आहे. त्याच्या हातांवर मी हात ठेवते आणि तो बोलतो. अजून निम्मं कळत नाही. काल तो 'मीठ' म्हणाला आणि मी खिळे आणून दिले. पण बोलता येईल असं दिसतं.

तू ये. सुट्टी काढून ये, राजीनामा देऊन आलीस तर दार उघडणार नाही. रंध्या स्टेशनवर येईल, त्याला तिथे जायची भीती बसायला नको.

आणि एक. आल्यावर डोळ्यांचं मी तुला पहिल्यापासून सांगणार आहे. डॉक्टर काय म्हणाले, मला कधी कळलं, सगळं. तुला यातलं काही माहीत नाही असं समजून समोर बसायचं आणि मध्ये बोलायचं नाही.

अजून तुझी वाट बघू शकणारी,
मावशी